हरवलेले एक कोटी : निवृत्तीचं गणित आणि त्यातला ‘जर’

(राजारामपुरीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, आकडे पुन्हा तपासून घेतले आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



पत्रिकेवर आजचा विषय ‘अनुमान’ असा छापलाय. तर्कशास्त्राचा विषय आहे, आणि बाहेर पाऊस आहे. तरी तुम्ही आलात. तेव्हा सुरुवात पोथीपासून न करता एका मोबाइलपासून करतो.

दोन रविवारांपूर्वी आमचा पुतण्या घरी आला. वय ४५. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. चहा यायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, “काका, हे मशीन येडं झालंय का मी?”

झालं होतं असं. निवृत्तीला किती पैसे लागतील हे सांगणारं एक गणकयंत्र त्याला नेटवर सापडलं. त्यात त्याने भरलं : आजचं वय ४५, निवृत्ती ६० व्या वर्षी, हिशेब ८५ वर्षांपर्यंत, आजचा महिन्याचा खर्च ४०,००० रुपये. यंत्राने उत्तर दिलं : निवृत्तीच्या दिवशी हातात २ कोटी ५८ लाख रुपये हवेत. त्याला घाम फुटला. त्याचा तोंडी हिशेब वेगळा होता. महिन्याला ४०,००० म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार, गुणिले २५ वर्षं, म्हणजे १ कोटी २० लाख. वर व्याज येणारच, म्हणजे त्याहून कमीच लागतील. मग त्याने दुसरं यंत्र उघडलं. तेच वय, तोच खर्च. उत्तर आलं १ कोटी ५७ लाख.

“काका, दहा मिनिटांत एक कोटी गेले कुठं?”

आम्ही हसलो. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, हे जरा वेळाने कळलं. पहिल्या उत्तराच्या धसक्याने तो गावाकडचा प्लॉट विकायला निघाला होता. आणि येणारे पैसे ठेवणार कुठे, तर महिन्याला ५ टक्के देतो म्हणणाऱ्या एका माणसाकडे. ‘एवढी मोठी रक्कम बँकेच्या व्याजाने कधी जमायची?’ हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे एका न समजलेल्या आकड्यापायी वडिलांनी ठेवलेली जमीन जाणार होती, आणि बहुधा तिचे पैसेही. अशा योजनांचं पुढे काय होतं ते या सभागृहात बसलेल्या कित्येकांना सांगायला नको.

म्हणून आज आपण त्या एक कोटीचा शोध घेऊ. अनुमानाचा विषय त्यातच येतो.

यंत्र सांगतं काय?

पहिली गोष्ट. हे यंत्र भविष्य सांगत नाही. त्याच्या पोटात शाळेतलं चक्रवाढ व्याज आहे, दुसरं काही नाही. ते एकच वाक्य बोलतं : ‘जर हे असं असेल, तर ते तसं होईल.’ पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरांत दिसतो तो ‘तर’. ‘जर’ खाली कुठेतरी बारीक अक्षरांत असतो, नाहीतर एका बटणामागे दडलेला असतो. आपण ‘तर’ वाचतो आणि घाबरतो किंवा खूश होतो.

आम्ही ते बटण शोधून दाबलं. पहिल्या यंत्राने महागाई वर्षाला ६ टक्के धरली होती, दुसऱ्याने ४ टक्के. निवृत्तीनंतरच्या ठेवींवर दोघांनीही ७ टक्केच व्याज धरलं होतं. फरक फक्त दोन टक्क्यांचा. पण एक कोटी तिथेच होते.

दोन टक्क्यांनी एवढं कसं होतं? कारण ते दोन टक्के दोन ठिकाणी काम करतात. आधी निवृत्तीपर्यंतची १५ वर्षं. आजचे ४०,००० हे ६ टक्के महागाईने १५ वर्षांनी सुमारे ९५,९०० होतात, ४ टक्क्यांनी सुमारे ७२,०००. ही पहिली तफावत. मग निवृत्तीनंतरची २५ वर्षं. तिथे एका बाजूने ठेव वाढते, दुसऱ्या बाजूने खर्च वाढतो. ठेव ७ च्या चालीने आणि खर्च ६ च्या चालीने धावत असेल, तर आपण खरे पुढे जातो ते जेमतेम १ टक्क्याने. खर्च ४ च्या चालीने धावला तर सुमारे ३ टक्क्यांनी. एकाच्या जागी तीन. लोक व्याज किती ते विचारतात. विचारायला हवी ती व्याज आणि महागाई यांच्यातली फट.

आणखी एक गोष्ट त्याच आकड्यात दडलेली होती. २ कोटी ५८ लाख हे आजचे रुपये नव्हेत. ते पंधरा वर्षांनंतरचे रुपये आहेत. ६ टक्के महागाईने त्यांची आजची किंमत काढली तर ती होते सुमारे १ कोटी ७ लाख. पुतण्याच्या तोंडी हिशेबापेक्षा ही रक्कम कमीच आहे! म्हणजे तो फार चुकला नव्हता आणि यंत्रही चुकलं नव्हतं. तो आजच्या रुपयात बोलत होता, यंत्र तेव्हाच्या रुपयात. नाव एक, माल वेगळा.

याच्या उलटही होतं. कुणी सांगतं, महिन्याला १०,००० घाला, १२ टक्क्यांनी १५ वर्षांत ५० लाख होतात. गणित बरोबर आहे. पण ते ५० लाख तेव्हाचे. आजच्या भावाने ते २१ लाख. भीती दाखवणारं उत्तर आणि भुरळ घालणारं उत्तर, दोन्ही एकाच कारखान्यात तयार होतात.

धूर, आग आणि ओलं लाकूड

आता पोथीकडे वळू. तुमच्यापैकी ज्यांनी ‘तर्कसंग्रह’ वाचला असेल त्यांना आठवेल. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं आपण म्हणतो. हे अनुमान चांगलं. मग विद्यार्थी उत्साहाने उलटं करतो : जिथे आग, तिथे धूर. नैय्यायिक म्हणतात, थांब. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा बघ. त्यात आग आहे, धूर कुठाय? धूर निघतो तो आगीला ओल्या लाकडाची जोड मिळते म्हणून. ही जी न सांगितलेली जोड, तिला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. अनुमान त्या उपाधीवर उभं असतं, आणि आपल्याला वाटतं ते स्वतःच्या पायावर उभं आहे.

हे सांगितल्यावर पुतण्याचे डोळे चमकले. तो रोज असं लोखंड बघतो. म्हणाला, “म्हंजे मशीननं आग बघून धूर सांगितला, आन् लाकूड ओलं हाय का त्ये मला इचारलंच न्हाई.”

याहून चांगली व्याख्या आम्ही वर्गात पस्तीस वर्षं शिकवून केली नाही. अनपेक्षित उत्तर आलं की यंत्र बिघडलं असं समजू नका, आणि आपण बुडालो असंही समजू नका. आपल्याला ठाऊक नसलेली एक उपाधी उघडी पडली आहे. ती शोधा. बहुतेक वेळा ती चार जागांपैकी एकीत सापडते. महागाई आणि रुपयाचं वर्ष ही पहिली जागा, ती आपण पाहिली. उरलेल्या तीन पाहू.

खर्चाचा रकाना

‘आजचा महिन्याचा खर्च’ हा रकाना सगळ्यांत सोपा वाटतो. आमची मंडळी आतून वही घेऊन आली. तिने चाळीस वर्षं घरखर्च लिहिलाय. तिने पुतण्याला विचारलं, “४०,००० त काय काय आलं?”

त्यात घरकर्जाचा ११,००० चा हप्ता आला. मुलीच्या शिक्षणाचे ५,००० आले. आता गंमत बघा. हप्ता आठ वर्षांत संपणार. शिवाय महागाई वाढली म्हणून हप्ता वाढत नाही. पण यंत्राला काय माहीत? त्याने तो हप्ता दरवर्षी ६ टक्क्यांनी फुगवला आणि ८५ व्या वर्षापर्यंत भरायला लावला. मुलीची फी तिच्या वडिलांच्या ८५ व्या वर्षापर्यंत चालू ठेवली! हे दोन आकडे काढले की खर्च उरला २४,०००.

मग काकूने उलटी बाजू धरली. “औषधपाण्याला किती धरलंस? पावसाआधी गच्चीचं काम? लग्नाकार्यातला आहेर? दहा वर्षांनी गाडी बदलशील ती? आरोग्यविम्याचा हप्ता?” त्याने यातलं काहीच धरलं नव्हतं, कारण हे दर महिन्याला येत नाही. वर्षाचं जमवून बाराने भागलं तेव्हा ६,००० निघाले. म्हणजे खरा आकडा ३०,०००. एवढ्या एका दुरुस्तीने २ कोटी ५८ लाखांचे १ कोटी ९३ लाख झाले.

आयुष्याची वर्षं

ही तिसरी जागा, आणि इथे सुशिक्षित माणसंही चुकतात. आम्हीही चुकलो होतो.

आम्ही २०१० साली निवृत्त झालो. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे आम्ही एक हिशेब मांडला होता. जमवलेली शिल्लक ७५ व्या वर्षापर्यंत पुरवायची. ७५ का? आमचे वडील ७१ व्या वर्षी गेले आणि वर चार वर्षं उदारपणे घातली. तो कागद परवा सापडला. त्या हिशेबाने आम्ही गेल्या वर्षीच संपलो. तुमच्यासमोर उभे आहोत ते शिलकेबाहेरचे.

चूक कुठे झाली? भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे ७० वर्षं आहे असं आपण वाचतो. पण ते जन्माच्या वेळचं. त्यात बालपणी आणि तरुणपणी गेलेली माणसं मोजलेली असतात. जो ६० गाठतो, त्याने ते सगळे घाट ओलांडलेले असतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या कोष्टकांप्रमाणे आपल्या देशात ६० वर्षांच्या माणसापुढे सरासरी सुमारे १८ वर्षं असतात. आणि ती सरासरी आहे, म्हणजे पुष्कळजण त्यापलीकडे जातात. पत्नी वयाने लहान असेल तर हिशेब तिच्या आयुष्याचा करायला हवा, आपल्या नव्हे. हा मुद्दा आम्हाला काढावा लागला नाही. वही हातात घेऊन ती समोरच बसली होती.

एकट्या माणसाला स्वतःचं मरण मोजता येत नाही, पण हजार माणसांचं मिळून बरंचसं मोजता येतं. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेले एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असं कोष्टक केलं आणि त्यावरून वर्षासनाची किंमत काढायची रीत दाखवली. वर्षासन हा आपलाच जुना शब्द. आज विमा कंपन्या एकरकमी पैसे घेऊन तहहयात दरमहा रक्कम देतात ते हेच. जो लवकर जातो त्याचं उरलेलं, जो फार जगतो त्याला पुरतं. लांब आयुष्याचा धोका अनेकांत वाटून घेतला जातो.

व्याज कायम तेवढंच?

चौथी जागा व्याजाची. पीपीएफवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळत होतं. चौदा वर्षं एकच दर. आमच्या स्टाफरूममध्ये तो निसर्गनियमच झाला होता. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पीपीएफ १२ टक्के देतो. कुणी १९९५ साली आज असलेली गणकयंत्रं वापरली असती तर १२ हाच आकडा बेलाशक भरला असता. एप्रिल २०२० मध्ये तो दर ७.१ टक्क्यांवर आला. १० लाखांवर वर्षाला १ लाख २० हजारांच्या जागी ७१ हजार.

डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकात विचारलेला प्रश्न हाच : आजवर असं होत आलं, म्हणून उद्याही होईल, याला आधार काय? ह्यूम यांना तर्काचा आधार सापडला नाही, सवयीचा सापडला. यंत्रातला ‘अपेक्षित परतावा’ हा रकाना म्हणजे आपली सवय आकड्यांत लिहिलेली.

त्यातही एक बारीक खोच आहे. यंत्र दरवर्षी सारखाच परतावा धरतं. शेअर बाजाराशी जोडलेला पैसा तसा वागत नाही. समजा तीन वर्षांत परतावे आले : २५ टक्के वाढ, १० टक्के वाढ आणि २० टक्के घट. ५० लाख ठेवून हात न लावला, तर हे कुठल्याही क्रमाने आले तरी शेवटी ५५ लाखच होतात. पण निवृत्त माणूस हात लावतोच. दरवर्षी सुरुवातीला ४ लाख काढले, तर चांगली वर्षं आधी आलेल्याकडे शेवटी सुमारे ४३ लाख ९० हजार उरतात आणि वाईट वर्ष आधी आलेल्याकडे सुमारे ४० लाख १० हजार. सरासरी तीच, माणसं वेगळी. निवृत्तीच्या पहिल्या दोन-चार वर्षांत बाजार पडला, तर पडत्या भावाने विकून खावं लागतं आणि मग चढत्या भावाला विकलेलं परत येत नाही. म्हणून पहिल्या काही वर्षांचा खर्च बाजाराबाहेर, साध्या ठेवींत ठेवावा असं जाणकार सांगतात. आपल्या आज्या कोठीत वर्षाचं धान्य भरून ठेवायच्या ते याच बुद्धीने.

धोका कुणाच्या डोक्यावर?

आता जरा अवघड भागाकडे येतो. इतका वेळ आपण गणिताचं बोललो. पण पुतण्याच्या मोबाइलवर आम्ही सहज आमचं स्वतःचं गणित करून पाहिलं आणि यंत्र आम्हाला म्हणालं, तुमचे पैसे कधीच संपत नाहीत. आम्ही दचकलो. आम्ही काय पुतण्यापेक्षा शहाणे किंवा काटकसरी होतो? मुळीच नाही.

आम्हाला जुनी पेन्शन आहे. शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. महागाई वाढली की भत्ता वाढतो. आम्ही किती जगू, बाजार कसा चालेल, महागाई ४ की ६, या तिन्ही प्रश्नांची काळजी आमच्या वतीने सरकार करतं. आमच्या बाबतीत हे रकाने रिकामे ठेवले तरी चालतात.

राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून जे आले त्यांच्यासाठी नियम बदलले. पगारातून कापायचं, सरकारने भर घालायची, ते बाजारात गुंतवायचं, आणि निवृत्तीला किमान ४० टक्के रकमेचं वर्षासन घ्यायचं. साध्या प्रकारच्या वर्षासनात मिळणारी रक्कम जन्मभर तेवढीच राहते. आज २०,००० मिळाले आणि महागाई ६ टक्के राहिली, तर वीस वर्षांनी त्या २०,००० त आजच्या सुमारे ६,२०० रुपयांचा माल येतो. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा पुष्कळांना तो नुसता पैशाचा हट्ट वाटला. तो हट्ट होता की नव्हता यावर मतभेद असू देत. पण वाद कशाचा होता हे या चार रकान्यांतून कळतं : धोका कुणी उचलायचा? केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आणली, तिचंही मर्म तेच आहे, ठरलेल्या रकमेची खात्री.

पुतण्याला यातलं काहीच नाही. त्याला भविष्यनिर्वाह निधी आहे आणि १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचं सूत्र असं : पेन्शनपात्र पगार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. एमआयडीसीतल्या कामगारांना सगळ्यांत मोठा धक्का इथे बसतो. त्याच्याच कारखान्यातला एकजण सप्टेंबर १९९६ ला लागला आणि ऑगस्ट २०२४ ला सुटला. २८ वर्षं सेवा. त्याने पगार धरला १५,०००, कारण मर्यादा तेवढी आहे हे त्याला माहीत होतं. २८ ने गुणलं, ७० ने भागलं, आले ६,०००. पण ती मर्यादा १५,००० झाली सप्टेंबर २०१४ ला. त्याआधी ती ६,५०० होती, आणि आधीच्या सेवेला आधीचीच मर्यादा लागते. म्हणजे १८ वर्षांचे सुमारे १,६७१ आणि १० वर्षांचे सुमारे २,१४३. बेरीज ३,८१४. वीस वर्षांवर सेवा झाली म्हणून दोन वर्षांची जादा सेवा धरतात, त्याने थोडी भर पडते. तरी ६,००० होत नाहीत. इथेही कुणी फसवलं नव्हतं. उपाधी माहीत नव्हती, एवढंच. पण अठ्ठावीस वर्षं राबून घरी आलेल्या माणसाला ‘एवढंच’ हा शब्द ऐकवताना जीभ अडखळते.

पुढे काय झालं?

पुतण्याचं गणित आम्ही तिघांनी बसून पुन्हा केलं. लागणार १ कोटी ९३ लाख. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत आज १८ लाख आहेत. ८.२५ टक्के व्याज असंच राहिलं तर १५ वर्षांनी त्यांचे सुमारे ५९ लाख होतात. दोघांची मिळून महिन्याला ७,००० ची भर पडते, ती पगाराबरोबर वाढत गेली तर तिचे सुमारे ३३ लाख. एकूण ९२ लाख. राहिले १ कोटी १ लाख. आजच्या रुपयात सुमारे ४२ लाख.

म्हणजे बघा, एक कोटीचं भोक राहिलंच. यंत्राने उगाच भीती घातली होती असं आम्ही म्हणणार नाही. पण आता भोकाचा आकार कळला. आठ वर्षांनी हप्ता संपेल तेव्हा मोकळे होणारे ११,००० कुठे जायचे हे ठरलं. प्रकृतीने साथ दिली तर ६२ पर्यंत काम करायचं असं तो म्हणाला. दोन वर्षं जास्त काम म्हणजे दोन वर्षं भर आणि दोन वर्षं कमी खर्च, दोन्हीकडून फायदा. आणि प्लॉट? प्लॉट जागेवर आहे. महिन्याला ५ टक्के देणाऱ्या माणसाचा फोन त्याने उचलला नाही. महिन्याला ५ म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ ८० टक्के. धंद्यात इतकं कोण कमावतं, असा प्रश्न आम्ही फौंड्रीवाल्यालाच विचारला. तो म्हणाला, “आमचा मालक तर न्हाई.”

तेव्हा यंत्रापुढे बसताना तीन गोष्टी करा. एक, उत्तर वाचण्याआधी गृहीतकं वाचा आणि कागदावर लिहा. दोन, एका वेळी एकच आकडा बदला आणि उत्तर किती हलतं ते बघा. जो आकडा थोडा हलवल्यावर उत्तर फार हलतं, तिथे तुमचा खरा धोका आहे. तीन, एका उत्तरावर कधीच निर्णय घेऊ नका. चांगलं, मध्यम आणि वाईट अशी तीन उत्तरं काढा आणि वाईटातही जगता येईल का ते बघा. दरवर्षी एकदा, दिवाळीनंतर म्हणा, पुन्हा करा. अनुमान हे एकदाच करायचं काम नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : राहतं घर संपत्तीत धरायचं का?

उत्तर : विकून त्याचे पैसे खाणार असाल तर धरा. त्यातच राहणार असाल तर धरू नका. भाडं द्यावं लागत नाही हा त्याचा फायदा खर्चाच्या रकान्यात आधीच आलेला असतो. तोच फायदा दोनदा मोजला तर उत्तर गोड येतं आणि खोटं येतं.

प्रश्न : माझ्या यंत्राने ‘यशाची शक्यता ८० टक्के’ असं सांगितलं. म्हणजे मी सुरक्षित आहे का?

उत्तर : चांगला प्रश्न. ते यंत्र बाजाराचे चढउतार हजार वेगवेगळ्या क्रमांनी कल्पून बघतं. त्यातल्या ८०० क्रमांत तुमचे पैसे शेवटपर्यंत पुरले, २०० त नाही. पण तुम्ही हजार आयुष्यं जगणार नाही, एकच जगणार. आणि त्या २०० मध्ये ८४ व्या वर्षी पैसे संपलेले आहेत की ७२ व्या, हे त्या टक्क्यात दिसत नाही. ते बघायला हवं. शिवाय यंत्रातला माणूस बाजार पडला तरी तेवढाच खर्च करत राहतो. तुम्ही तसं करणार नाही, हात आखडता घ्याल. ती शक्यता यंत्राने मोजलेली नसते.

प्रश्न : सर, मी तुमची विद्यार्थिनी. वय ४८. अठरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. तुमच्या चार रकान्यांपैकी मी पहिलाच भरू शकत नाही, कारण पुढच्या वर्षी तास मिळतील का तेच ठरलेलं नाही. माझं उत्तर काय येईल?

उत्तर : (थोडं थांबून) बाई, तुमच्या प्रश्नापुढे आमचं व्याख्यान तोकडं आहे. यंत्र असं धरून चालतं की माणसाला दरमहा ठरलेला पगार आहे. ही सगळ्यांत मोठी उपाधी, आणि ती आम्हीही आज मघापासून न सांगता धरली होती. ती आमच्या लक्षात आली नाही, कारण आमचं लाकूड नेहमीच ओलं होतं. आम्ही तुम्हाला तर्क शिकवला, त्याच विभागात आम्ही पूर्ण पगार आणि पेन्शन घेतली, आणि तुम्ही तोच तर्क तासाच्या हिशेबाने शिकवता. हा फरक बुद्धीचा नाही, वर्षाचा आहे.

व्यवहाराचं एवढंच सांगतो : तुम्ही महिन्याचा नको, वर्षाचा हिशेब धरा. आजवरचं सगळ्यांत कमी मिळकतीचं वर्ष कुठलं ते बघा आणि तो आकडा भरा. उत्तर कडू येईल, पण ते तुमचं असेल. आणि ते उत्तर एकट्या घरात ठेवू नका. तुमच्यासारख्यांनी आपापली उत्तरं एकत्र मांडली, तर ते खाजगी दुर्दैव राहणार नाही. हॅली यांनी एका शहराच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हाच कोष्टक झालं.

वेळ संपली. बाहेर पाऊस थांबलेला दिसतोय. तो आमचा कॅलेंडरचा कागद आम्ही फाडलेला नाही. त्याच्या खाली मंडळीने पेन्सिलने नवीन वय लिहिलंय, ९०. आता तिच्या ‘जर’ला आम्हाला पुरून उरायचं आहे. नमस्कार.